वैनीच्या हाकेला आलेली ओ

"वैनीऽऽ! माघारी फिरा! गाळ हाय तिथं... अहो म्हैस रुतती तिथं, माणसाचं काय घेऊन बसलात!"

हा ओरडणारा मी. माझा आवाज कसा आहे ते मांजरसुंब्याच्या चौकात कुणालाही विचारा. मी दुकानातून "चहा" म्हणून ओरडलो की तिकडं बीडच्या स्टँडवरचा चहावाला आधण ठेवतो. पण त्या दिवशी तळ्याच्या भरावावर उभं राहून छाती फुटेस्तोवर ओरडलो, तरी समोर गाळात चाललेल्या बाईनं मान वळवली नाही. तिचे कान दुसरीकडं होते. खरं तर आमचे सगळ्यांचेच होते...

थांबा, आधी नीट सांगतो. भूत, चकवा, हडळ, लावसट यातलं काहीही मी मानत नाही. मानणार कसा? आमच्या भागातल्या भुताच्या निम्म्या गोष्टी मीच बाजारात सोडलेल्या आहेत. नांदूरघाटच्या रस्त्यावर ट्रकला हात करणारी पांढऱ्या साडीतली बाई — माझी. चिंचेखालचा बिनमुंडक्याचा म्हातारा — तोही माझाच. त्याला मी एकदा विडी पाजली होती. मुंडकं नसताना त्यानं ती कुठून ओढली ते विचारू नका. इथं ग्रुपवर लोक अनुभव लिहितात, मी वाचतो, हसतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात टायर खोलता खोलता त्यात आणखी दोन मुडदे घालून गिऱ्हाइकाला सांगतो. त्यामुळं माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. माझ्या दुकानाशेजारी अन्वरचा धाबा आहे, तो त्या दिवशी तिथं होता. अन्वर जन्मात खोटं बोललेला नाही. "भाजी कालचीये" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो, म्हणून त्याचा धाबा चालत नाही. त्याला विचारा.

तर, माझा थोरला भाऊ — दादा — नांदूरघाटच्या पलीकडं राहतो. शेती आहे, गोठ्यात म्हशी आहेत, आणि घराच्या मागं पाझर तलाव. तलाव म्हणजे पावसाळ्यात समुद्र आणि मे महिन्यात ताटातली आमटी. उन्हाळ्यात पाणी आत आत सरकत जातं, भोवती काळा गाळ उघडा पडतो, आणि गावच्या सगळ्या म्हशी दुपारभर त्या काठाला अंग टाकून पडतात.

दादाचा एकुलता एक मुलगा पिंट्या. लहानपणी तोही म्हशींबरोबर तिथंच पडलेला असायचा. जेवायची वेळ झाली की वैनी भरावावर यायची आणि हाक मारायची. नाव घ्यायची नाही. नुसती हाक. सुरुवातीला खोल, मग चढत जायची आणि शेवटी फाटायची. आणि लांबून, म्हशींच्या मधून कुठून तरी पिंट्याची ओ यायची, तीनदा. दोन आखूड, तिसरी लांब, आणि ती तिसरी उतरत उतरत विझायची, जसं काही येतोय पण यायचं मन नाही. अख्ख्या गावाला ही हाक आणि ही ओ पाठ होती. माझ्या सांगण्यात तर ती हाक ऐकून परळीच्या थर्मलचा भोंगा लाजायचा.

हा पिंट्या पुढं जहाजावर लागला. आमच्या खानदानात कुणी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलेलं नाही. समुद्र पाहिलेला मी एकटा, तोही किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर. आणि हे पोरगं मालवाहू जहाजावर जगभर फिरायला लागलं. जिथं रेंज मिळेल तिथून व्हिडिओ कॉल करायचं.

असाच एकदा कॉल आला तेव्हा मी दादाकडं जेवायला होतो. आफ्रिकेच्या पार खालच्या अंगाला कुठलंसं बंदर होतं.

"काका, ह्या बघा आमच्याकडच्या म्हशी!"

बघतो तर काय — वाळू, खडक आणि नजर जाईल तिथवर काळी ओली जनावरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. मला खरंच म्हशी वाटल्या.

"पाय कुठं गेले बे ह्यांचे?"

"पाय नसतात, काका. सील हाय ती. वल्ह्यावानी पंजे असतात."

"मग दावं कुठं बांधतात?"

"भाऊजी, सरका की हो," वैनीनं मला कोपरानं ढकललं, "बोलू द्या पोराला. पिंट्या, त्ये एवढं वरडत कावून हायेत रे?"

कारण आवाजच तसा होता. केजच्या बाजारातल्या शेळ्या, रेडकं, एक जुनं डिझेल इंजिन आणि लग्नातून उठवलेले दारुडे एका खोलीत कोंडले तर होईल तसा. निजलेलं एखादं उगाच गुरगुरायचं, म्हणजे "सरक तिकडं, जागा माझी हाय". शेजारचं भुंकून उलटं बोलायचं. आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या वरून लांब लांब हाका.

पिंट्या सांगायला लागला. तिथल्या बंदरावरच्या कुणा माणसानं त्याला सगळं समजावलं होतं. "आई, ह्या आया हायेत. समुद्रात जात्यात मासे खायला, कैक दिस येत न्हाईत. पिल्लं हितंच ऱ्हात्यात, ह्या गर्दीत. माघारी आली की आई पाण्याच्या काठाला थांबती आन हाक मारती. ही ऐक..."

त्यानं फोन तिकडं फिरवला. एक हाक आली. आधी खोल, मग चढती, शेवटी फाटलेली.

मी वैनीकडं बघितलं. वैनीनं माझ्याकडं बघितलं. पिंट्या तिकडून दात काढत होता, "काय आई? वळखीची वाटली का न्हाई?"

"गप. आन पिल्लू काय करतं?"

"ओ देतं. मग ती थोडी फुडं येती, परत हाक मारती. त्ये परत ओ देतं. आसं करत करत दोघं जवळ येत्यात. पर उपाशी पिल्लं लई असत्यात, आई. कुणाचंबी पिल्लू कुणालाबी ओ देतं. म्हणून ती जवळ गेली की आधी वास घेती. आपलं नसलं की ढकलून देती. चावती बी."

वैनीनं विचारलं, "आन ज्याची आई आलीच न्हाई, त्याचं?"

तिकडं वारा सुटला होता, पिंट्याचे केस उडत होते. "त्ये ओ देत ऱ्हातं. जी हाक मारंल तिला."

"मग पाजावं की एखादीनं."

"त्या काय तुझ्यावानी हायेत का, आई?" असं म्हणून तो हसला आणि रेंज गेली. नंतर त्यानं तो आवाज रेकॉर्ड करून पाठवला. वैनी धार काढताना तो लावायची. मी तो माझ्या मोबाइलवर घेऊन चौकात अन्वरला ऐकवला आणि सांगितलं की म्हशींनी दुप्पट दूध दिलं. दादा म्हणाला, शेजारचं कुत्रं गाव सोडून गेलं, बाकी काही झालं नाही.

त्याच्या पुढच्या फेरीत पिंट्या गेला.

गेला म्हणजे — वादळ होतं, सकाळी हजेरी घेतली तेव्हा जहाजावर तो नव्हता. शोधलं. सापडला नाही. फोनवरच्या साहेबानं हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत, मग परत हिंदीत. मला वाटलं होतं मी रडलो तर मांजरा नदीला पूर येईल. काही आलं नाही. दाताचा डॉक्टर सुई मारतो आणि मग आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो — तसं अख्खं अंग. लोक येत होते, बसत होते, मी त्यांना चहा देत होतो. एकानं विचारलं, "कसं झालं हो?" आणि मी, मी, साधं वाक्य सांगितलं आणि गप्प बसलो. लोकांना तेव्हाच कळलं म्हणे की खरं आहे.

वैनी रडली नाही, पडली नाही. तिनं फक्त आवाज चढवायचा सोडला. म्हशींनासुद्धा हाक मारेना. त्या आपल्या आपण घरी यायच्या.

दादाचं मात्र काही खरं नव्हतं. ओट्यावर बसलेला असायचा. मला म्हणाला, "बाळ्या, सुतक धड आलं बी न्हाई आन गेलं बी न्हाई. फोटूला हार घालू का नगं, त्ये तरी सांग मला." त्याला पोराचं शेवटचं करायचं होतं. प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, ते त्याला करायचं होतं, म्हणजे पोरगं कुठंतरी टेकलं असतं. पण आईच्या "हो"शिवाय तो हात लावणार नव्हता. आणि वैनी हो म्हणत नव्हती.

"मी हाक मारली न्हाई आजून," एवढंच म्हणायची.

"मग मारा की, वैनी."

यावर ती भाकरी थापायला घ्यायची.

याला कारण होतं. आमच्या भावकीत एक रीत आहे. पुतळ्याला अग्नी देण्याआधी घरच्या माणसानं पाण्याकडं तोंड करून गेलेल्याला हाक मारायची आणि ओ यायची वाट बघायची. ओ येत नाही. येणार कुठून? मग गुरुजी म्हणतात, "आली नाही," आणि पुढचं सुरू होतं. म्हणजे हाक मारली की संपलं. म्हणून ती मारत नव्हती.

हे असं कितीतरी दिवस चाललं. मग एकदा वैनीनं बघितलं, दादा सकाळी म्हैस सोडायला गेला तो दावं हातात धरून तसाच गोठ्यात उभा. म्हैस कधीच तळ्यावर जाऊन पडली होती. ऊन डोक्यावर आलं तरी हा रिकामं दावं धरून उभा. वैनीनं त्याच्या हातातलं दावं काढून घेतलं, खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "उद्या बोलवा गुरुजींना. पर हाक मी मारणार."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही तळ्याच्या काठाला होतो. दादा, वैनी, मी, मला घेऊन आलेला अन्वर, आणि केजहून स्कूटरवर आलेले गुरुजी. त्यांना पुढं आणखी एक काम होतं, ते घड्याळाकडं बघत होते. ऊन असं की माझ्या सावलीनंसुद्धा माझ्याखाली आसरा घेतलेला. पुतळा लाकडांवर ठेवला होता. डोक्याच्या जागी नारळ. मी त्या नारळाकडं बघत होतो आणि आत काहीच होत नव्हतं. त्याला शेंडी आहे, पिंट्याला नव्हती, असलं काहीतरी डोक्यात येत होतं.

गुरुजी म्हणाले, "हाक वडिलांनी मारायची असते."

"त्यानं बापाला कधी ओ दिली न्हाई," वैनी म्हणाली. "दिली का हो?"

दादानं मान हलवली. नाही.

वैनी भरावाच्या उतारावरून खाली, ओल्या गाळाच्या कडेला जाऊन उभी राहिली. समोर गाळ, त्यापुढं उथळ पाणी, आणि त्या काठाला गावच्या म्हशी नेहमीसारख्या पडलेल्या, शेपटीनं माशा हाकत. तिनं पदर कमरेला खोचला आणि हाक मारली.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आधी नुसती हवा आली. मग खोल, मग चढत गेली... आणि फाटली.

आणि मग काही नाही. ऊन. माशा. गुरुजींनी तोंड उघडलं "आली नाही" म्हणायला...

म्हशींनी माना वर केल्या. एक नाही, सगळ्यांनी. आणि एकीनं आवाज काढला. म्हैस कशी ओरडते हे मला कुणी शिकवू नये, मी म्हशीच्या पाठीवर मोठा झालोय. ते ओरडणं म्हशीचं नव्हतं. खोल गुरगुर, मग भुंकल्यासारखं, आणि त्याला शेजारचीनं उलट दिलं. मग तिसरीनं. बघता बघता सगळ्या काठाला तो गोंगाट उठला. पडल्या पडल्या, जागच्या न हलता.

अन्वरनं माझं मनगट धरलं. "अरे बाळूभाई, ये तो वो मोबाइलवाला आवाज है."

आणि त्या गोंगाटाच्या मागून ओ आली.

दोन आखूड. तिसरी लांब, उतरत उतरत विझलेली.

मंडळी, इथं मला माझ्या पद्धतीनं काहीतरी मोठं घालता आलं असतं. वीज पडली, तळं उकळलं, नारळानं डोळे उघडले. पण असलं काही झालं नाही. नुसती ओ आली. पाच माणसांनी ऐकली. दादाच्या हातात पेटतं कोलीत होतं, ते खाली पडलं. "पिंट्याऽऽ!" म्हणून तो असा ओरडला की आमच्यात मोठा आवाज माझा नाही हे मला त्या दिवशी कळलं. आणि गुडघ्यावर आला. "त्योच हाय! बाळ्या, त्योच हाय रे!"

मला विचाराल तर — तोच होता. शपथेवर सांगतो. त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय मी.

वैनी गाळात उतरली. मी ओरडायला लागलो ते तेव्हा. तिनं ऐकलं नाही. थोडी पुढं गेली, थांबली, हाक मारली. ओ आली, आता जरा अलीकडून. परत पुढं गेली. परत हाक. परत ओ. पिंट्यानं फोनवर सांगितलं होतं तसंच अगदी, एक एक करत. मला धावत जाता आलं असतं. पाय उचलला नाही. भीती होती म्हणू, तर तीही नव्हती. पाय माझे नव्हतेच.

वैनी गुडघ्यापर्यंत रुतत म्हशींच्या मधे पोचली. म्हशी बाजूला सरल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. ती थांबली. आम्हाला तिची पाठ दिसत होती. तिच्यापुढं, दोन म्हशींच्या मधल्या सावलीत काय होतं ते इथून दिसत नव्हतं. ती खाली वाकली. पार वाकली, पाळण्यातल्या लेकराच्या टाळूवर बाई वाकते तशी. आणि तशीच राहिली.

गोंगाट थांबला होता.

मग तिनं हात पुढं केला आणि काहीतरी हळूच बाजूला सारलं. पायाला चिकटलेलं मांजर सारतात, तसं. उभी राहिली. वळली. आली तशी परत आली.

दादा गुडघ्यावर बसलेला. तिच्याकडं नुसता बघत होता. मी कुणाला असं कुणाकडं बघताना पाहिलेलं नाही.

"आपला न्हाई," वैनी म्हणाली.

"आगं पर आवाज..."

"आवाज हाय. वास न्हाई." तिनं पदराचा खोचा सोडला. "उरका आता."

दादानं मग कोलीत उचललं, फुंकर मारून पेटवलं आणि अग्नी दिला. पळस तडतडत पेटला. गुरुजी मंत्र म्हणत होते, फार भरभर. आणि ते म्हणत असतानाच मागून, तळ्याकडून, आणखी एकदा ओ आली. दोन आखूड, एक लांब. वैनीनं मागं पाहिलं नाही. नंतर म्हशींनी माना खाली टाकल्या. गुरुजी चहाला थांबले नाहीत.

आता तुम्ही विचाराल तेच सगळं आम्हीही विचारलं. मोबाइल? वैनीचा फोन घरी चार्जिंगला होता, माझा अन्वरच्या गाडीत, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये सीलचे आवाज आहेत, पिंट्याची ओ नाही. भरावावरून हाकेचा प्रतिध्वनी? मग तो हाकेसारखा यायला हवा, ओसारखा कसा येईल? मोर, कोल्हा, कुणा टवाळाची मस्करी — धाब्यावर यावर इतकी चर्चा झाली की अन्वरची कालची भाजी पहिल्यांदाच संपली. एक पशुवैद्य ओळखीचे आहेत. ते म्हणाले, म्हशी असा आवाज काढत नाहीत. मी म्हणालो, तेच तर सांगतोय. ते म्हणाले, "बाळू, तू सांगतोयस म्हणजे झालं." अन्वरनं सांगितलं तेव्हा मात्र गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी मी गाळ बघून आलो. वैनीची पावलं जाताना, वैनीची पावलं येताना. म्हशींच्या खुरांचे खड्डे. आणि ती थांबली होती तिथून पाण्यापर्यंत एक रुंद, गुळगुळीत पट्टा, पोटावर घसरत गेल्यासारखा. म्हैस लोळली तरी असा पट्टा पडतो. पडतोच. मी काही म्हणत नाही.

फोटोला हार घातलाय. दादा म्हशी सोडतो, जेवतो. वैनी संध्याकाळी परत हाक मारायला लागली आहे, म्हशींना. दुसरी, साधी हाक.

मला उत्तर सापडलेलं नाही. खरं सांगायचं तर तो पिंट्याच होता आणि तिला ओळखू आला नाही, असंही कधी कधी वाटतं. मग वाटतं, तिला नाही कळलं तर मला कसं कळणार? न राहवून एकदा गोठ्यात गेलो. वैनी धार काढत होती.

"वैनी," मी म्हणालो, "मग त्ये कुणाचं व्हतं?"

तिचे हात थांबले नाहीत.

"आसंल कुणाचं तरी, भाऊजी. यील त्याची आई."